ऑकलंडचे एकोणीस तास

थेरगावचा धम्मपाल सोनकांबळे बावीस वर्षं महाळुंग्यातल्या एका कंपनीची गाडी चालवत होता. परदेशी इंजिनिअरांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचं, आणायचं, हेच काम. कुठलं विमान किती तासांत कुठं उतरतं हे त्याला तोंडपाठ. स्वतः मात्र तो सामान उतरवून दारातूनच माघारी फिरायचा. मुलगी मैत्री नर्स होऊन ऑकलंडला गेली, तिलाही त्यानं विमानतळाच्या त्याच दारात सोडलं. बारा हजार तीनशे किलोमीटर. मधला एक थांबा धरून एकोणीस तास. "एका दिवसाच्या आतलं अंतर आहे," असं तो बायकोला, आम्रपालीला, सांगायचा. तेवढ्यानं तिला धीर यायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मैत्रीसोबत राहणाऱ्या विजयश्रीचा फोन आला. ड्यूटीवर जाताना मैत्रीला गाडीनं उडवलं होतं. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणत होते, घरच्यांना बोलवून घ्या.

दोघांकडेही पासपोर्ट नव्हता. कधी लागलाच नव्हता. कंपनीच्या साहेबांनी तातडीचा अर्ज भरून दिला, तरी पासपोर्ट हातात यायला पाच दिवस गेले. मग व्हिसा. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या बाईंनी हॉस्पिटलचं पत्र वाचलं, त्यांचे कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवले आणि निर्णय आमच्या हातात नसतो, असं हळू आवाजात सांगितलं.

विजयश्री रोज दुपारी फोन लावून मैत्रीच्या कानाशी धरायची. सातव्या दिवशी, पलीकडच्या मशीनचा आवाज ऐकता ऐकता, धम्मपालच्या तोंडून निघून गेलं, "निघालो बाळा. मी आणि आई, दोघंही निघालोय."

आम्रपाली स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, व्हिसा आला. त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती दारातच खाली बसली.

एकदा निघालो म्हटल्यावर त्याला थांबता येईना; एकोणीस तासांची वाट तो दिवसादिवसानं लांबवत गेला. आठव्या दिवशी म्हणाला, सिंगापूरला विमान बदलतोय. नवव्या दिवशी, उतरलो, टॅक्सीत बसलोय. विजयश्री फोन तसाच मैत्रीच्या कानाशी धरून ठेवायची. त्यापुढं काय सांगावं, हे मात्र त्याला सुचेना. दहाव्या दिवशी फोन सकाळीच वाजला. त्यानं तो उचललाच नाही, आम्रपालीकडे सरकवला. मैत्री गेली, हे तिनंच ऐकलं.

व्हिसा दोन दिवसांनी आला.

पुढच्या आठवड्यात मैत्रीची पेटी मुंबईत उतरली. मालाच्या फाटकाशी सह्या करून दोघं शववाहिकेत बसली. गाडी घाट चढून आली. मग आम्रपाली पेटीवर हात ठेवून म्हणाली, "टॅक्सीत बसलो म्हणालात तुम्ही. ती दाराकडं कान लावून राहिली असेल हो."

 थेरगाव येईपर्यंत धम्मपाल खिडकीबाहेरच बघत राहिला.