दया नको, सोंगटी मार

चिंचोका दगडावर घासला की येणारा करपट वास मला थेट सरस्वतीपुरमच्या वृद्धाश्रमात नेतो. तिथे खेळ घ्यायला येणाऱ्या ताई फुगे उडवायला लावायच्या. शिवणकामात जन्म गेलेल्या माझ्या आत्याने एकदा फुगा सरळ परत केला, खडूने फरशीवर चौकाबाऱ्याचा पट आखला आणि फाशांसाठी चिंचोके घासले. डाव रंगला. आत्याची सोंगटी माऱ्यात सापडली, तेव्हा ताईंनी मुद्दाम आपली दुसरीच सोंगटी सरकवली. आत्या भडकली, "अय्यो, बेडा, नको गं असली दया! मार माझी सोंगटी. येते मी परत पहिल्या घरापासून!" ताईंनी मारली. आत्या हरली आणि लगेच नवा डाव मांडून बसली. आता माझी नात माझी सोंगटी वाचवायला बघते, तेव्हा मी पटावर हात आपटते, "मार म्हणते ना!"