खुशालरावांची डावी पापणी

मेलेल्या बापाचा चेहरा बिघडवावा तर त्याच्या पोरानंच, असं अकोल्याच्या बुधाजी मूर्तिकाराचं पक्कं मत होतं. चाळीस वर्षं पुतळे घडवून त्यानं हेच पाहिलं. जित्या बापाला कधी 'जेवले का' म्हणून न पुसणारे हे सुपुत्र शेडमध्ये येऊन फर्मावत, "बाबाचे गाल भरा, टक्कल झाका." थू तुमच्या जिंदगानीवर!

तेल्हाऱ्याचा विपुल त्यातलाच. त्याचे वडील खुशालराव. बैलानं शिंग मारल्यापासून त्यांची डावी पापणी अर्धी मिटलेलीच राहिली. बुधाजीनं सळ्यांच्या सांगाड्यावर शाडू चढवून, ओल्या फडक्यात महिनाभर जपून ती पापणी हुबेहूब उतरवली. विपुलनं नाक मुरडलं.

"डोया उघडा करा. बाबा झोपेत वाटून राहिले."

"तुमचे बाबा असेच होते ना?"

"होते. पन आता त्यायचा पुतया होऊन राहिला ना! साहेब लोक येतीन उद्घाटनाले."

काय बोलायचं या दीडशहाण्याला? बुधाजीनं दातओठ खात पापणी उचलली, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. जगाला नावं ठेवणारा तो अखेर त्याच पंगतीत जेवायला बसला होता.

साचा घेण्याआधी घरच्यांची पसंती घ्यायची रीत. विपुल आपल्या मायला, मैनाबाईला घेऊन आला. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"हे कोन व्हय?"

"माय, बाबा हायेत ना!"

"काहीबाही सांगू नको." म्हातारी पुढं झाली आणि अंगठ्यानं मातीची पापणी खाली दाबली. "हां. आता झाले."

विपुल चिडून फोनवर बोलत बाहेर गेला. बुधाजीनं घाईघाईनं प्लास्टर कालवलं आणि थेट चेहऱ्यावर चढवलं. एकदा प्लास्टर धरलं की खालच्या मातीला कोणाचा बाप हात लावू शकत नाही. पुढं साच्यातून मेणाचा चेहरा निघाला, मेणाच्या जागी वितळलेलं कांसं ओतलं, आणि पापणीवर मैनाबाईच्या अंगठ्याच्या रेघासुद्धा उमटल्या. बुधाजीनं तिथं कानस लागू दिली नाही.

विपुलनं तो पुतळा नेलाच नाही. दुसरीकडून एक टपोऱ्या डोळ्यांचा, गुबगुबीत माणूस आणून त्यानं चौकात बसवला. उद्घाटनाला पडदा सरला, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतून मैनाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "विपुल, तुये बाबा काहून नाही आनले रे?"