दोन दिवसांचा सायलेन्सर

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे. कॉलेजात नापास झालेलं, लपून तंबाखू मळायचो ते, सगळं. हे नाही. हे तिला माहीत नाही, आईला नाही, आणि बसूला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय तर सुरुवात कुठनं करावी तेच कळेना. सायलेन्सरपासनं करतो. तिथनं सोपं आहे — निदान तिथं तरी मी काही वाईट केलं नव्हतं.

मी उचगावचा. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. दुकान राजारामपुरीत, पण मी दुकानात कमी आणि गाडीवर जास्त. आज ह्या पेठेत, उद्या त्या. गाडी जुनी. सायलेन्सर आतनं गंजून पार कुजलेला. मागं हत्यारांची पिशवी बांधली की पुलाच्या चढाला गाडी अशी रडायची, की मागचे रिक्षावाले शिव्या घालून पुढं जायचे. मेस्त्रीनं एकदा स्टार्ट करून बघितली आणि म्हणाला, "इंजिनाला काय धाड भरलेली न्हाय. धूर भाईर पडंना, म्हणून गुदमरतंय. मोकळा सायलेन्सर घाल की."

घातला. कार्बोरेटरचं सेटिंगही करून घेतलं. आणि खरं सांगतो, गाडी पालटली. चढाला गिअर उतरवायला लागेना. गर्दीत हळू चालवली तरी आचके देईना. सिग्नल सुटला की मी पुढं. आवाज वाढला होता — ते नाकारून कसं चालेल? पण कानठळ्या बसतील असा नव्हता. जाड, भरलेला आवाज. मला आवडला, खोटं कशाला बोलू?

आता शिवाप्पाअण्णांचं सांगायला पाहिजे. आमच्या घराला लागूनच त्यांचा गोठा. बसू हा त्यांचा मुलगा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. गोठ्यात चार-पाच म्हशी, पण अण्णांचा जीव एकीवर. पाखरी. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर आणतात, हे बाहेरच्या पावण्यांना सांगावं लागतं. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात चाळ बांधायचे. मालक पुढं मोटारसायकलवर, सायलेन्सरची आतली पुंगळी काढून टाकलेली, आणि मागं म्हस पळत येते — ना दावं, ना काठी. नुसत्या गाडीच्या आवाजावर. रेडकू असल्यापासनं तो आवाज तिच्या कानात मुरवावा लागतो. अण्णांची खूण ठरलेली होती. दोनदा थोडा ॲक्सिलेटर, मग एकदा लांब. ते ऐकलं की पाखरी शेपूट वर करून निघालीच. उचगावात अण्णांची मिजास होती ती हीच. म्हणायचे, "माझ्याबिगर कुणाच्या मागनं एक पाऊल जायची न्हाय."

अण्णांची गाडी आणि माझी गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. नवा सायलेन्सर बसवून पहिल्याच सकाळी गोठ्यावरनं गेलो, तर पाखरीनं वैरणीतनं मान वर काढली आणि माझ्याकडं बघत राहिली. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दूध घालायला कोल्हापुरात गेलेले. बसू कामावर. गीतावैनी, म्हणजे बसूची बायको, पाखरीला सोडून अंगणातल्या हौदावर पाणी पाजत होती. रोजचंच ते. पाखरी कुठं जायची नाही, म्हणून बांधायचीही नाही. मी कामाला निघालो. पाखरी माझ्या मागं आली. मी हायवेला लागलो, तीही लागली. टेम्पोनं तिला उडवलं.

एवढंच सांगितलं तर अपघात वाटतो, नाही? किती वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलोय. माझ्या गाडीचा आवाज तसा निघाला, त्याला मी काय करू?

तसं नव्हतं ते.

मी गोठ्याच्या भिंतीआड थांबलो होतो. भिंत छातीएवढी. वैनी हौदाशी वाकलेली, पाठमोरी. आणि मी ॲक्सिलेटर पिळला. दोनदा थोडा. मग एकदा लांब.

का? काय सांगू? अण्णांच्या त्या मिजाशीची मला गंमत करायची होती. चार पावलं येईल, थांबेल, मी संध्याकाळी बसूला सांगेन, दोघं हसू. एवढंच डोक्यात. पण ती आली ती फाटक ढकलूनच आली. पाडव्याला यायची तशी — मान ताठ, शेपूट वर, खुशीत. आणि मला भारी वाटलं हो! दुसऱ्याची म्हस माझ्या मागं पळतेय, ह्याचं मला भारी वाटलं. ह्याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त वाटते.

मागनं वैनीचा आवाज आला, "निल्लू! निल्लू!" म्हणजे कानडीत थांब, थांब. ती चिकोडीकडची. माणसांशी मराठी बोलायची, म्हशींशी कानडी. तो आवाज ऐकला आणि माझी टरकली. आता ही कोपऱ्यावर येणार, मला बघणार. त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते उचगावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. गाडी बंद करायची. आवाज थांबला की म्हस थांबते. एक किल्ली फिरवायची होती.

मी गाडी पळवली. वाटलं, मागं पडेल ती. पण मी जेवढी पिळतोय तेवढा आवाज मोठा, आणि आवाज जेवढा मोठा तेवढी ती जोरात. सर्व्हिस रोड संपला, मी हायवेला लागलो. आरशात पाखरी दिसली. मग टेम्पो दिसला. मग ब्रेकचा आवाज, आणि ती रस्त्यावर आडवी. एकदा पुढचे पाय झाडले तिनं. उठली नाही.

मी थांबलो नाही. राजारामपुरीत एका बाईंच्या घरी जाऊन त्यांचा फिल्टर खोलला, धुतला, परत बसवला. बाई म्हणाल्या, सकाळपासनं काही खाल्लंस का? म्हणालो, नाही. त्यांनी पोहे दिले. ते मी खाल्ले.

दुपारी मेस्त्रीकडं गेलो आणि जुना सायलेन्सर परत चढवायला लावला. तो म्हणाला, गाडी एवढी मस्त चालतीया आणि हे काय खूळ घेतलंस? आवाजाचा त्रास होतो म्हणालो. नवा कुणाला तरी देऊन टाक म्हणून त्याच्याकडंच सोडला. दोन दिवसांत गल्लीला कुणाची गाडी कशी वाजते ते कळत नाही. ह्याचा मी हिशोब केला होता. त्या दिवशी माझं डोकं फार चांगलं चाललं.

घरी आलो तर गोठ्यापुढं ही गर्दी. अण्णा जमिनीवर बसलेले, डोक्याचं पागोटं बाजूला पडलेलं. रडत नव्हते. सगळ्यांदेखत वैनीला म्हणाले, "म्हस उगंच पळत न्हाय. तू मारून पळवलीस तिला." वैनी सांगत होती, गाडीचा आवाज आला, तुमच्या गाडीसारखा, त्याच्या मागं गेली. अण्णा म्हणाले, "माझी गाडी माझ्यापाशी हुती. मग गेली कुणाच्या मागं? वर खोटं बोलतीयास?" शेजारच्यांनी वैनीचं ओरडणं ऐकलं होतंच. हाकलत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. बसू खाली मान घालून उभा होता. मीही तिथंच होतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

पुढच्या सकाळी वैनी आमच्या दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भावजी, तुम्ही त्याच टायमाला जातासा न्हवं? कुणाची गाडी दिसली का ओ? तुमच्या गाडीचा तर आवाज न्हवं?"

ही वेळ होती. तुम्हाला कळतंय ना? दार, ती आणि मी. दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "न्हाय वैनी, मी लवकर गेलतो." एवढ्यावरही भागलं नाही माझं. अंगणात जाऊन गाडीला किक मारली आणि म्हणालो, "ऐका की, हिला कुठाय आवाज?" जुन्या सायलेन्सरची फुसफुस ऐकली तिनं. मान डोलावली आणि गेली.

त्यानंतर अण्णांनी तिला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. माहेरी असल्यापासनं म्हशींत वाढलेली ती. पहाटे उठायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बसूला धार काढताना बघत उभी राहायची. घरात काही नासलं, काही हरवलं, की तेच निघायचं — म्हशीला मारणारी, वर खोटं बोलणारी. तिच्या पोरीला ताप आला तरी तेच. बसूसुद्धा भांडणात एकदा बोलून गेला. मी त्याला म्हणालो, असू दे रे, नको बोलूस तिला. शहाणपणा बघा माझा.

ती पहिली काही वर्षं भांडायची. मी मारली न्हाय, मी गाडी ऐकली, म्हणायची. मग भांडायची बंद झाली. मला वाटलं, विसरली. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शेवटपर्यंत तिच्याशी सरळ बोलले नाहीत. मी भेटायला गेलो होतो. बसू बाहेर पावण्यांत होता. वैनीनं मला चहा आणून दिला आणि समोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, "भावजी, मारलीच असंल मी तिला. एखादा फटका दिला असंल रागात. आता मलाच आठवंना झालंय. एवढी सगळी म्हणत्यात तर मारलीच असंल की." आणि पुढं म्हणाली, "तुम्ही मातर एका शब्दानं कधी बोलला न्हाईसा मला."

मी चहा प्यालो. कप खाली ठेवला. आणि म्हणालो, "असू दे वैनी. माणसाच्या हातनं हुतंय कधी कधी."