पाहुण्यांची बाजू

अर्विन ट्रॅगेसरने आमच्या एल्डन गावात तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण हॉर्न वाजवून त्याने कधी कुठल्या मुलाला बोलावलं नाही. मूल दाराशी दिसलं नाही तर तो गाडी उभी करून थांबायचा. एका हाताने बिस्किट खात, दुसरा हात स्टिअरिंगवर. "शाळा काय पळून चाललीय?" म्हणायचा. त्याच्या या थांबण्यापायी माझा पहिला तास हमखास उशिरा सुरू व्हायचा. मी त्याच्यावर रागवायचेही. पण टोपी काढून तो समोर उभा राहिला की राग फार टिकत नसे.

शाळेबाहेर आमची गाठ पडायची ती कॉलेजच्या जिममध्ये. आमच्याकडे बास्केटबॉलच्या जागा शेतासारख्या वारशाने येतात. माझी जागा वडिलांची, त्याची सासऱ्याची. दोन्ही यजमान संघाच्या खुर्च्यांच्या बरोबर मागे, शेजारी शेजारी. तिथून कोचची पाठ दिसते. मैदानापलीकडच्या बाजूला पाहुण्या संघाचे लोक बसतात. एल्डनचं माणूस तिकडे बसत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण एका नव्या पाद्रीबाबांनी जागा रिकामी दिसली म्हणून तिकडे बसायची चूक केली, तेव्हा पुढच्या रविवारी अर्धं चर्च ओस पडलं होतं.

अर्विनला जे दिसायचं ते त्याने आधी फक्त बायकोला, नडीनला, सांगितलं होतं. ती गेल्यावर मला सांगितलं.

तरुणपणी एका मार्चमध्ये, हंगाम संपून कोचची जागा मोकळी झालेली असताना, तो भरदुपारी आपला डबा घेऊन रिकाम्या जिममध्ये जाऊन बसला. बाजूचं दार उघडंच असतं. जेवता जेवता त्याने मान वर केली तर कडेच्या खुर्चीवर कोचचा गर्द लाल कोट घालून एक पांढऱ्या केसांचा, पाठीत वाकलेला माणूस बसला होता. अर्विनला वाटलं, कुणी म्हातारा वाट चुकून आत आलाय. हाक मारली तर खुर्ची रिकामी. पुढे जो कोच नेमला तो ऐन तिशीतला, ताठ. तो आमच्याकडेच म्हातारा झाला. निवृत्तीच्या सामन्याला तो खुर्चीत बसला तेव्हा अर्विनने नडीनचा हात घट्ट धरला. तीच पाठ.

त्याच्यानंतरच्या वेळी त्याला दिसला एक पाय लांब पसरून बसलेला माणूस, खुर्चीला काठी टेकवलेली. आणि नेमणूक झाली ती शिंगरासारखं धावणाऱ्या गड्याची. हा गडी काही वर्षांनी बर्फावरून घसरला, गुडघा कायमचा गेला, आणि राजीनामा देण्याआधीच्या शेवटच्या सामन्याला तो तसाच बसला होता. पाय लांब, शेजारी काठी.

"मला पहिला दिवस दिसत नाही, बाई," अर्विन म्हणाला. "शेवटचा दिसतो."

माझा विश्वास बसला का? अर्विन खोटं बोलत नाही, एवढ्यावर माझा विश्वास होता. आणखी काय विचारायला हवं, ते मला त्या वेळी सुचलं नाही.

काठीवाला गेला त्या मार्चमध्ये लोरीनच्या खानावळीत सकाळपासून एकच विषय. तिथल्या लांब टेबलाशी हर्शेल न्हावी खुर्ची उलटी करून बसायचा आणि न्यायाधीशासारखा बोलायचा.

"रॅन्सडेल. बास. लिहून घ्या," तो म्हणाला. "ओहायोतल्या त्या चिमुकल्या कॉलेजला वर काढलंन् त्याने. त्याची पोरं बचावाला उभी राहिली की माशी आत जात नाही."

"आणि गुण कोण करणार? माशी?" लोरीनने कॉफी ओतता ओतता विचारलं. "त्याचा सामना पाहिलाय मी. निम्म्यात झोप लागली."

"तू कोचसाठी पाहतेस की करमणुकीसाठी?"

"पैसे मोजून जाते मी, हर्शेल. तुझ्यासारखी भाच्याच्या पासावर नाही."

सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, बाहेरचा कशाला, आपला वेड आहे की. वेड म्हणजे अर्विनचा मुलगा. माझाच विद्यार्थी. इथेच खेळला, आणि आता केंटकीत एका मोठ्या विद्यापीठात दुय्यम कोच होता. कॉलेजने त्याला मुलाखतीला बोलावलं होतं. वेडचं नाव निघताच टेबलाचा नूरच पालटला.

"घरचा आहे. बोलावलं तर पायी येईल."

"त्याची ती शेवटच्या क्षणाची फेक आठवते? मी लोरीनला मिठी मारली होती."

"मी अजून ते अंग धुतेय," लोरीन म्हणाली.

हर्शेलही विरघळला. "बरं बाबा, वेड तर वेड. अर्विन, तुझं काय म्हणणं? की आनंदाने वाचा बसली?"

अर्विनने काटा बशीत ठेवला. "वेड नको," तो म्हणाला.

हर्शेल खुर्चीवरून पुढे वाकला.

"नको म्हणजे?"

"त्याला घेऊ नका. रॅन्सडेलला घ्या, कुणालाही घ्या."

"स्वतःच्या पोराच्या ताटात माती कालवतोस?" हर्शेलने विचारलं. या खेपेला त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

अर्विनने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. मी मागोमाग गेले. रस्त्याकडेचा बर्फ काळा होऊन वितळत होता. तो चालत राहिला, आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"काल दिसला. काळेभोर केस, बाई. डाव्या कानामागे भोवरा, केस उभे. नडीन पाणी लावून लावून दमायची, तोच. मान खाली घालून बसलाय. चेंडू घरंगळत त्याच्या बुटापाशी आला, तरी मान वर केली नाही. बाकीचे उठले, हा उठला नाही." तो थांबला. "वेडचे केस अजून काळे आहेत."

मुलाखतीच्या दिवशी मी सायीचा केक घेऊन अर्विनकडे गेले होते, तोच वेड आला. हर्शेलने त्याला रस्त्यातच गाठलं होतं. तो स्वयंपाकघरात आला आणि कोटही न काढता उभा राहिला.

"बाई, तुम्ही बसा. तुमच्यासमोरच विचारतो. डॅड, तू लोकांना काय सांगत फिरतोयस?"

"फिरत नाही. एकदाच बोललो."

"एकदा पुरतं! लहानपणापासून मला एवढी एकच खुर्ची हवी होती. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"मग?"

अर्विनने ओट्याला धरलं, आणि सगळं सांगितलं. पांढऱ्या केसांचा म्हातारा, काठी, भोवरा. शेवटी वेडने विचारलं, "तोंड पाहिलंस माझं?"

"आपल्या जागेवरून तोंड कसं दिसेल?"

"मग समोर जाऊन बघायचं."

"समोर?" अर्विन म्हणाला, आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. चर्चच्या छपरावर जाऊन बघ म्हटल्यासारखंच होतं ते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

वेड हसला नाही. "एका भोवऱ्यापायी," तो म्हणाला. "ज्या गावात माझा बापच मला नको म्हणतो, तिथे मी कुणाच्या तोंडाकडे बघून काम करू?" मुलाखत न देताच तो परत गेला. त्यानंतर रविवारचे त्याचे फोन बंद झाले. अर्विन मात्र रविवारी फोनशेजारीच बसून जेवायचा.

रॅन्सडेल नेमला गेला. आमच्याकडे नव्या कोचला जिममध्ये सगळ्यांसमोर लाल कोट चढवतात. उंच, हसरा माणूस. काळे केस. कोट चढवला, टाळ्या झाल्या, मग फोटोसाठी त्याला कडेच्या खुर्चीवर बसवलं. आम्ही आमच्या जागांवर. हर्शेल मागून वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "सकाळी मीच कापले केस. झकास ना? फक्त तो डाव्या कानामागचा भोवरा काही केल्या बसेना."

मी अर्विनकडे पाहिलं नाही. त्याचा हात माझ्या खुर्चीच्या दांड्यावर होता.

समारंभ संपल्यावर त्याने रॅन्सडेलला गाठलं. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "साहेब, एकदा डॉक्टरांना दाखवा. छाती, डोकं, सगळं."

रॅन्सडेलने त्याचा हात हातात घेतला. "गेल्याच महिन्यात दाखवलंय, उत्तम आहे. तुम्ही वेडचे वडील ना? त्याच्याबद्दल मला फार आदर आहे." इतक्या सौजन्याने बोलला की पुढे बोलायची सोयच राहिली नाही. शेजारी हर्शेल होताच. "आता पोराची आठवण झाली का?" तो म्हणाला. "उशीर झाला, अर्विन."

नोव्हेंबरमध्ये पहिला सामना. माझ्या शेजारची जागा रिकामी. अर्विन आजारी असेल म्हणून मी चुळबुळत होते, इतक्यात समोर नजर गेली. पाहुण्यांच्या निळ्या गर्दीत आमची लाल टोपी घालून अर्विन बसला होता.

आधी कुजबुज झाली, मग हुर्यो. कुणीतरी मक्याच्या लाह्या फेकल्या. लोरीनच्या खानावळीत त्याच्याशी बोलणं बंद झालं; ती एकटी त्याला कॉफी द्यायची, तीही न बोलता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पाठ बघून एकदा फसलो, बाई. आता तोंड बघणार." आणि प्रत्येक सामन्याला तो तिथेच बसला. चेंडू कुठेही असो, त्याची नजर रॅन्सडेलवर. रॅन्सडेलला ते खुपत असणार. एकदोनदा त्याने त्याच्याकडे पाहून हातही हलवला होता. अर्विननेही हलवला.

फेब्रुवारीतल्या त्या सामन्यात गुण बरोबरीत होते. आमची पोरं चेंडू घेऊन धावत होती, सगळे प्रेक्षक उभे होते. आणि पलीकडच्या बाजूने अर्विन मैदानात उतरला. चालत. एक हात वर करून, जसा तो शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडू देताना गाड्यांना करायचा. एका खेळाडूने त्याला चुकवायला जाऊन चेंडू सोडला. शिट्टी वाजली. शिव्यांचा नुसता गडगडाट. अर्विन थेट आमच्या बाजूला येत होता, आणि म्हणून सगळ्यांच्या आधी मी पाहिलं की तो कुठे बघतोय.

रॅन्सडेल खुर्चीत मान खाली घालून बसला होता. लाल कोट, डाव्या कानामागे उभे केस. सुटलेला चेंडू घरंगळत आला आणि त्याच्या बुटाला टेकला. शेजारचे उठले, तो उठला नाही. हे मी पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखीचं होतं.

"डॉक्टर!" अर्विन ओरडला. त्याचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. भिंतीवरचं हृदयाला धक्का देणारं यंत्र काढलं गेलं, दुसऱ्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई धावल्या. पाठीमागून आम्हा शेकडो लोकांना काही कळलं नव्हतं. समोरून एकाला त्याचा चेहरा राखेसारखा होताना दिसला होता.

रॅन्सडेल वाचला. पण कोच म्हणून तो त्या खुर्चीत पुन्हा बसला नाही.

मार्च आला, आणि लोरीनकडे पुन्हा तेच टेबल. फरक एवढाच, की कुणी नाव उच्चारेना. हर्शेलने केकची बशी अर्विनपुढे सरकवली.

"बोल की बाबा."

"मला काय कळतं?"

"आता उगाच भाव खाऊ नकोस."

"केक खातोय, भाव नाही," अर्विन म्हणाला. लोरीन हसली तेव्हा बाकीच्यांनाही हसायला परवानगी मिळाल्यासारखं झालं. पण त्याने नाव घेतलं नाही.

दुपारी तो जिमकडे निघाला तेव्हा मी बरोबर गेले. का, ते सांगता येणार नाही. बाजूचं दार उघडं होतं. उंच खिडक्यांतून मैदानावर उन्हाचे पट्टे पडले होते, लाकडाला मेणाचा वास होता. अर्विन सरळ पलीकडे गेला. मी सवयीने माझ्या जागेवर बसले. काही नव्हतं. कोपऱ्यात कुठेतरी चेंडू एकदाच आपटल्यासारखा वाजला. चेंडू मात्र तिथे नव्हता.

"बाई," समोरून अर्विनने हळूच हाक मारली, "तिथून कळायचं नाही. इकडे या."

वडिलांनी मला त्या जागेवर प्रथम बसवलं तेव्हा माझे पाय जमिनीला पोचत नव्हते. तेव्हापासून आजतागायत मी ते मैदान ओलांडलं नव्हतं. माझ्या बुटांचा आवाज छतापर्यंत जात होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि वळून पाहिलं.

खुर्च्या रिकाम्या होत्या. पण कडेच्या खुर्चीची गादी, तेवढी एकच, मधे खोल दबलेली होती. कुणी बसल्यावर दबते तशी.

"फार म्हातारा झालाय," अर्विन कुजबुजला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "माझ्याहून म्हातारा. भोवरा कुठला राहतोय, केसच नाहीत. पण कान बघा. नडीनचे कान."

मी बघत राहिले. गादी हळूहळू वर आली आणि सपाट झाली.

बाहेर पायरीवर उभं राहून त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, आणि वेडला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मी म्हटलं, "कामात असेल, नंतर कर." अर्विनने नकारार्थी मान हलवली. एक हात रेलिंगवर ठेवून तो तसाच उभा राहिला, जसा पूर्वी कुणाच्याही दारासमोर गाडी घेऊन उभा राहायचा.

मग पलीकडून आवाज आला. "डॅड?"