खालच्या खणातली हिरवी बाटली

पस्तीस वर्षांच्या नोकरीत अंगावर आलेले प्रसंग पुष्कळ आहेत, पण अजूनही जेवताना मध्येच घास थांबतो तो एका प्लॅस्टिकच्या बाटलीच्या आठवणीने. त्या प्रकरणाची सुरुवात माझ्याच गाढवपणाने झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

तेव्हा मी भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि पट्ट्याला भोकं उरली नव्हती. ठाण्याबाहेरच्या मोच्याने दोन वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो पट्टा उलटसुलट करून म्हणाला, "साहब, अब चमड़ा ही खतम है."

एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले. शाळेत कारकून होते. त्यांनी पिशवीतून हिरव्या झाकणाची बाटली काढून टेबलावर ठेवली. वर एका फळाचं चित्र होतं. हे फळ आपल्या कोकमाच्या भावकीतलं, दिसायला छोट्या भोपळ्यासारखं. दक्षिणेकडे ते वाळवून माशांच्या कालवणात घालतात. चित्राखाली लिहिलं होतं की गोळीत निव्वळ फळाचा अर्क आहे आणि महिन्याभरात वजन उतरेल.

गोळ्या त्यांची मुलगी घेत होती. वय चोवीस, साखरपुडा झालेला. सासरकडच्या कुणीतरी हसत हसत म्हटलं होतं की लग्नापर्यंत थोडी बारीक झाली तर शालू शोभून दिसेल. तीन आठवड्यांत ती बारीक झाली खरी, पण झोप उडाली, हात थरथरायला लागले, छातीत धडधड होऊ लागली. कंपनीविरुद्ध तक्रार द्यावी, असं त्यांच्या मनात होतं.

यावर मी काय करावं? टेबलाचा खालचा खण उघडला आणि अगदी तशीच बाटली काढून त्यांच्या बाटलीशेजारी ठेवली.

"मी स्वतः घेतो," म्हणालो. "फळच आहे हो ते. लग्नाची धडधड असेल पोरीला."

त्यांचा चेहरा उजळला. हात जोडून ते गेले. मी स्टेशन डायरीत साधी नोंदही घेतली नाही.

माझा त्या गोळ्यांचा नववा दिवस होता. भूक मेली होती, त्याचा मला आनंदच होता. घरी अर्धं ताट तसंच राहिलं की बायको विचारायची, आमटी बिघडली का. मी सांगायचो, वरून फार दबाव आहे. धडधड मलाही होत होती. ती मी बंदोबस्ताच्या खात्यावर टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला खबर आली. तीच मुलगी. पहाटे झटका येऊन पडली होती आणि आता अतिदक्षता विभागात होती. मी स्वतः गेलो. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या की हृदयाचे ठोके ताळ्यावर नाहीत, गोळीत फळाखेरीज काहीतरी नक्की आहे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतील. "काय मिसळलंय ते आज कळलं तर उपचार नेमका करता येईल. सध्या आम्ही अंदाजाने चाललोय."

वडील भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, आता हे माझी कॉलर धरणार. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"साहेब, ती गोळ्या बंद करणार होती. दोन दिवस घेतल्याही नव्हत्या. मी घरी जाऊन सांगितलं, ठाण्यातले मोठे साहेब स्वतः घेतात. मग चुकलेल्या दोन दिवसांच्याही तिने एकदम घेतल्या."

मी जिना उतरून जीपमध्ये बसलो.

ठाण्यात येऊन माझी बाटली पुन्हा हातात घेतली. पत्ता केरळचा. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी ऑर्डर दिली होती शनिवारी संध्याकाळी आणि पार्सल हातात पडलं होतं रविवारी दुपारी. केरळहून निघालेली वस्तू एका रात्रीत भिवंडीत! पोलीस अधिकाऱ्याला तिथेच शंका यायला हवी होती. मी पार्सल आणणाऱ्याची पाठ थोपटून त्याला पाणी पाजलं होतं.

त्यालाच बोलावलं. त्याने माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर दिला. हा टेम्पोवाला उत्तर प्रदेशातला, भिवंडीत वीस वर्षं काढलेला. चहाचा कप हातात आला तसा मोकळा झाला. "साहब, केरल तो डिब्बे पे लिखा है. माल मैं पडघा से उठाता हूँ. फल की एक पेटी नहीं देखी उधर."

दुपारी औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही भिवंडीशेजारच्या पडघ्याजवळ, टेम्पोवाल्याने दाखवलेल्या गोडाऊनवर गेलो. आत पिंपं, कॅप्सूल भरायचं यंत्र, भिंतीलगत पोत्यांची थप्पी आणि लेबलांचे गठ्ठे. लेबलं तीन रंगांची होती, हिरवी, जांभळी आणि सोनेरी, प्रत्येकावर वेगळं नाव. माल मात्र एकाच पिंपातून भरला जात होता. पोत्यांवर ठळक अक्षरांत 'फळाचा अर्क'.

आमच्यासोबत एक महिला हवालदार होत्या, खाडीकाठच्या गावच्या. ठाण्यात त्यांना सगळे ताई म्हणत, मीसुद्धा. त्या दारातच थांबल्या आणि नाक वर करून वास घेऊ लागल्या.

"साहेब, हितं फल न्हाय."

मी म्हटलं, पोती तर उघडू द्या.

"आमच्या घरा आमसुलाची बरनी उघडली का शेजारीन इचारते, आज कालवन कसलं हाय. हितं येवढी पोती, नि जिभंला पानी न्हाय सुटत."

पोती उघडली. आत तांदळाची पिठी. मी जन्मभर आमसूल खात आलो, माझ्या नाकाला ते कळलं नव्हतं. कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटात दोन पत्र्याचे डबे सापडले. दोन्हींत पांढरी भुकटी, नाव कशावरच नाही. औषध निरीक्षकांनी नमुने सीलबंद केले, पण त्यांचंही म्हणणं तेच, अहवाल येईपर्यंत काही सांगता येणार नाही.

गोडाऊनचा मालक तिथेच सापडला, त्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला, हळू बोलणारा. अशी माणसं चौकशीत फार जड जातात. शिव्या देणारा माणूस बोलण्याच्या ओघात काहीतरी सांगून जातो, हा प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देई, "साहेब, सगळं हर्बल आहे. बाकी वकिलांना विचारा." मी त्याला सांगितलं की एक मुलगी मरणाच्या दारात आहे. तो म्हणाला, वाईट वाटलं. संध्याकाळी रुग्णालयात फोन केला तर फरक काहीच नव्हता.

बुधवारी सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. कोठडीतल्या माणसाचा डबा तपासूनच आत जातो. ताई तपासत असताना त्या बाईंच्या हातातून झाकण दोनदा निसटलं. मग त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. ताईंनी त्यांना बाकावर बसवलं, मनगट धरलं आणि गप्पा मारत बसल्या. पाच मिनिटांनी सोनेरी लेबलाची बाटली घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"तिच्या पर्समधली हाय, साहेब. भिशीतल्या मैतरनीनं दिली. नवऱ्यानं हिरव्या बाटलीला हात लावायचा न्हाय म्हनून ताकीद दिलेली, म्हनून हिनं गुपचूप दुसऱ्या कंपनीची घेतली."

मी ती बाटली नेऊन त्याच्यासमोर ठेवली. विचारलं, हा माल तुमचाच ना? तो हो म्हणाला.

"तुमच्या बायकोच्या पर्समध्ये सापडला. तीन आठवडे घेतायत त्या. बाहेर बसल्यात, हात कापतायत."

तो उठून उभा राहिला. मग मी काही विचारण्याआधी बोलू लागला. एका डब्यात भूक मारणारं औषध, ज्यावर कधीच बंदी आली आहे. दुसऱ्यात थायरॉईडच्या गोळ्यांची भुकटी. प्रमाण विचारलं तर म्हणाला, "माप नव्हतं साहेब. चमच्याने टाकायचो. एखाद्या गोळीत जास्त जात असेल."

एखाद्या गोळीत. मी तिथेच उभ्याउभ्या डॉक्टर बाईंना फोन लावला आणि दोन्ही नावं सांगितली. त्याच्या बायकोला ठाण्याच्या जीपमधून त्याच रुग्णालयात पाठवलं. जीप निघाल्याचा आवाज येईपर्यंत तो बसला नाही.

मुलगी वाचली. सहाव्या दिवशी तिने वडिलांकडे पेज मागितली, हे मला डॉक्टर बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं.

माझी बाटली मुद्देमालात जमा झाली. पंचाने पंचनामा मोठ्याने वाचला, "वरिष्ठ निरीक्षक यांच्या टेबलाच्या खालच्या खणातून, अर्धवट वापरलेली," तेव्हा ताई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या. मी साक्षीदार झाल्यामुळे पुढचा तपास सहकाऱ्याकडे गेला आणि त्याने माझा जबाब घेतला. नऊ दिवस गोळ्या घेतल्या, रविवारी पार्सल आलं, सगळं सांगितलं.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी दाखवल्या. आपण काय विकतो हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने स्वतःच्या घराभोवती कुंपण घातलं होतं. त्याच्या लेखी कुंपणाबाहेर माणसं नव्हतीच. आणि दुसरी गोष्ट माझी. वर्दीतला माणूस चहा पिता पिता काही बोलला तरी ऐकणारा ते सरकारी शिक्का मारलेलं समजून घरी नेतो.

हे सगळं मी घरी बायकोला सांगितलं, मोच्याच्या आणि पंचनाम्याच्या गमतीसकट. ती हसली नाही. ताट उचलता उचलता तिने विचारलं, "त्या बापाला तुम्ही काय म्हणाला होतात, ते जबाबात आलंय का?"

आलं नव्हतं. त्या गृहस्थांनीही आपल्या जबाबात ते सांगितलं नव्हतं. मला सांभाळून घेतलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्यासमोर बसून पुरवणी जबाब दिला. ते एक वाक्य, जसंच्या तसं. नोंद न घेतल्याबद्दल वरून लेखी समज आली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे. जबाब दिला त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन त्या वडिलांना भेटलो आणि संध्याकाळी घरी आलो. बायकोने पानात भात वाढला, वर आमसुलाचं सार ओतलं आणि म्हणाली, "जेवा आता पोटभर. पट्ट्याचं काय ते, नवा घेऊ."