देव्हाऱ्यावरचा पत्रा

गुणाजी शिडीवर आणि वनमाला शिडीखाली, असा या दोघांचा संसार. घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळींत हल्ली घरोघरी गॅसवर चिमणी बसलीय. आमच्या आयांनी धूर गिळून जन्म काढला, आता फोडणीचा ठसका कुणाला सोसत नाही. बरंच आहे म्हणा. पण त्या चिमणीचा पाइप पत्र्यातून वर काढलेला असतो, तो तेलकट काजळीने तुंबतो, आणि मग गुणाजीला बोलावणं येतं.

वनमाला कडक बाई. शिडीचं वरचं टोक दोरीने बांधल्याशिवाय ती नवऱ्याला पहिल्या पायरीवर पाय ठेवू देत नसे. चिमणीची विजेची पिन काढलीय की नाही ते स्वतः बघायची. सिमेंटचा पत्रा दिसतो दणकट, पण बोल्टच्या रेषेखालीच काय तो लोखंडी अँगल. मधे पाऊल पडलं की पापड. म्हणून अँगलवर टेकेल अशी फळी टाकायची आणि फळी सोडायची नाही, हा तिचाच नियम. लोक हसायचे. हसेनात का, नवरा तिचा होता.

त्या दिवशी चाळीतल्या शकूकडे बांगडे तळताना घरभर धूर कोंडला. गुणाजी वर चढला, फळी टाकली.

“धरलंस मां गो?”

“धरलीय. तुम्ही खाली बघू नका.”

तो फळीवरून निघाला आणि वनमालेच्या ध्यानात आलं, फळी नेमकी शकूच्या देव्हाऱ्यावरून गेलीय. गावच्या देवीचा नारळ, सासऱ्याच्या हातचे टाक, सगळं त्या पत्र्याखाली. देवाच्या डोक्यावरून पाय न्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं, “अहो, खाली देव आहेत, जरा बाजूने जा.”

बायकोचा शब्द गुणाजीने आजवर मोडला नव्हता. तो फळीवरून उतरला.

पत्रा कडाड्कन मोडला. गुणाजी थेट शकूच्या ओट्यावर आदळला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण शिडी विसरा.

बघायला येईल त्याला गुणाजी एकच सांगे, “पाय घसारलो माझो.” वनमालेकडे बघतसुद्धा नसे. लोक म्हणायचे, एवढी काळजी घेणारी बायको, तरी बघा नशीब. तिला ते ऐकवत नसे. त्याने चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

शकूचा पत्रा आणि पाइप तसाच राहिला होता. धाकटा दीर प्रीतम ते काम करायला निघाला, तेव्हा गुणाजी खाटेवरूनच वनमालेला म्हणाला, “तू जा गो. तुझ्यासारखी शिडी कोण धरतला?”

ती गेली. पण हात शिडीला लागेना. ती आधी घरात शिरली.

“शकू, देव उचल. ताम्हनात घे आणि बाहेर येऊन बस.”

“असे कसे गं उचलू, मधेच? त्या दिवशी देवानेच राखलं ना भावजींना.”

“देव उचलता येतात गं. माणूस पडला की तीन माणसांना उचलत नाही, तू बघितलंस.” तिने ताम्हन शकूपुढे धरलं. “आणि ते घसरले नव्हते. मी त्यांना फळीवरून उतरवलं. तुझ्या देवांसाठी.”

शकूने नारळ उचलला, टाक उचलले, आणि पदराखाली ताम्हन घेऊन दारात बसली.

प्रीतमने वर फळी टाकली. पुन्हा त्याच जागेवरून.

“वहिनी, जाऊ ना हिच्यावरून?”

“हो. फळी सोडू नका, भावजी.”

एवढं बोलून तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, आणि तो खाली उतरेपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढला नाही.