हात सुटले तेव्हा

माझा देवावर विश्वास आहे, पण त्याहून जास्त माझ्या हातांवर होता, हे आज कबूल करते. इथे परदेशात, बुकित बातोकच्या फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यासमोर रोज 'मारुतीराया, सगळं तुझ्यावर सोपवलं' म्हणायचं आणि बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, असा माझा खाक्या. जुरोंग आयलंडवर वीस वर्षं रसायनांचा प्लांट सांभाळून ही खोडच लागली. पंचेचाळिशीत हौसेनं विमान चालवायला शिकू लागले, तर तिथेही तेच. विमान वळवायची-चढवायची स्टिक मी अशी आवळून धरायची की आमचे साठीचे चिनी शिक्षक, ज्यांना सगळेच अंकल म्हणतात, कपाळाला हात लावायचे. त्या शनिवारी सकाळी त्यांनी स्पष्टच सांगितलं, आजही हात सैल झाला नाही तर एकटीनं उडायचं विसरा. झालं! माझं अवसान तिथेच गळालं.

सराव संपवून परतताना इंजिनाचा जोर कमी करून आम्ही हळूहळू खाली येत होतो. इथल्या दमट हवेत अशा वेळी इंजिनाच्या हवेच्या वाटेत बर्फ धरतो, म्हणून गरम हवेची खुंटी आधी ओढायची असते. स्टिक धरण्याच्या नादात मी तीच विसरले. खाली समुद्र, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. घाबरून मी विमानाचं नाक वर ओढू लागले. तसं ओढलं की वेग मरतो आणि विमान कोसळतं. मला हे पाठ होतं हो, पण हात ऐकतील तर ना! तेवढ्यात तोंडातून 'मारुतीराया!' निघालं. देऊळ दिसलं की हातात पिशव्या असल्या तरी माझे हात जोडले जातात, तसेच ते जोडले गेले. स्टिक सुटली.

विमानानं आपसूक नाक जरा खाली घेतलं. खाली येताना मघाशी ज्या वेगाला ते बसवून ठेवलं होतं तोच वेग त्यानं पुन्हा धरला आणि ते संथ तरंगू लागलं. स्टिककडे झेपावलेले अंकल थबकले. "गुड लाह! डोन्ट पुल. नाउ हीट!" मी भानावर येऊन खुंटी ओढली. मासेपालनाच्या तराफ्यांवरची माणसं दिसू लागली, इतके आम्ही खाली आलो. मग इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. धावपट्टीवर उतरल्यावर मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. अंकल म्हणाले, "दॅट नमस्ते, नॉट इन माय चेकलिस्ट, आह!"

यात विमानाचा स्वभाव किती आणि मारुतीरायाची कृपा किती, यावर मी वाद घालत नाही. विमान वारा पितं, हा वाऱ्याचाच मुलगा. दोघांचं आपसात ठरलं असेल. मला एवढंच कळलं की ओढाताण आपण सोडायची, खुंटी मात्र आपणच ओढायची. कुलूप आता एकदाच ओढते. बरं, खोटं कशाला बोलू, दोनदा.

पुढच्या महिन्यात अंकल विमानातून उतरले आणि म्हणाले, "अलोन, ओके?" एकटीनं उडताना शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा बांधून टाकायचा, असा नियमच आहे. मी तो नीट बांधला, ओढून पाहिला आणि म्हटलं, "मारुतीराया, नीट बस रे."